उंच पण संथ पोर: जेकोचा दाखला लागू पडतो का?

म्हापशेकर: भाचा चौदाचा, अंगाने ताडमाड. दुलेरच्या मैदानावर कोच त्याला मिडफिल्डला टाकतात, वेग नाही म्हणून. पोर हिरमुसलंय. बोस्नियाचा स्ट्रायकर एडिन जेकोही असाच होता ना?

डिचोलीकर: होय. सारायेवोच्या झेल्येझ्निचार क्लबमध्ये तो मिडफिल्डरच होता, फारसं कुणी विचारत नव्हतं. चेक लीगमध्ये टेप्लित्से क्लबला गोल करू लागला, मग वोल्फ्सबुर्गबरोबर 2009ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, जिंकला. पण भाच्याला जेकोचे इटलीतल्या रोमा क्लबचे सामने दाखव. पाठीशी डिफेंडर झोंबत असताना जेको छातीवर बॉल थांबवतो, मान वळवून बघतो आणि धावत सुटलेल्या जोडीदार सालाहच्या पुढ्यात सोडतो. 2016-17ला सेरी आ या इटालियन लीगमध्ये 29 गोल! माझ्या मते ही नजर मिडफिल्डमध्येच घडते. राहू दे त्याला तिथे.

फातोर्डावाला: 13 मे 2012 विसरू नका. सगळ्यांना शेवटचा विजयी गोल मारणारा आग्वेरो आठवतो, पण 92व्या मिनिटाला सिल्वाच्या कॉर्नरवर जेकोने हेडर मारला नसता तर मँचेस्टर सिटीला इंग्लंडची लीग कुठली मिळायला? भाच्याकडून हेडिंगही घोटून घ्या.

म्हापशेकर: देव बरें करूं दोघांचं. रोमाचे सामने आज रात्रीच लावतो.