फौजीने घर का घेतले नाही, असे विचारणाऱ्यांना

कोरेगावकर (धागाकर्ता)

एका गुंतवणूक सल्लागारांची नोंद परवापासून आमच्या माजी सैनिकांच्या गटांत फिरते आहे. तिचा सारांश असा, की फौजी माणूस चाळिशीच्या आत पेन्शनवर येतो, फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेली पेन्शन (म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली आगाऊ घेतलेली एकरकमी रक्कम) मिळून मोठी रक्कम त्याच्या हाती एकदम पडते, म्हाडाच्या सोडतीत त्याला आरक्षण आहे, राज्य सरकारच्या योजनेत घरपट्टी माफ आहे, आणि तरीही तो भाड्याच्या घरात राहत असेल तर तो नियोजनाचा आळस होय. घरपट्टी माफ होण्यासाठी आधी घर असावे लागते, हे सल्लागार महाशयांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई सतरा वर्षांची नोकरी करून छत्तिसाव्या वर्षी गावी परततो. त्याच्या वर्गातला मुलगा ज्या वयात पुण्यात सदनिका नोंदवतो, बांधकाम कुठवर आले ते दर रविवारी पाहून येतो आणि बिल्डरशी भांडतो, त्या वयात हा राजौरीला किंवा तेजपूरला असतो. वर्षाची ६० दिवसांची रजा म्हणजे पेरणी, बहिणीचे लग्न आणि आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. उरलेल्या दिवसांत तलाठी भेटला तर नशीब. आता पैशांचे पाहू. फौजीला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. जितकी पेन्शन विकाल तितकी घरासाठी हातची रक्कम वाढते, पण महिन्याला खात्यात जमा होणारी रक्कम घटते, आणि बँक कर्जाची पात्रता त्या घटलेल्या रकमेवरच मोजते. वर सुरक्षारक्षकाची दुसरी नोकरी धरली, तर ती वर्षावर्षाच्या करारावर असल्याने हिशेबात धरली जात नाही. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, अशा या व्यवहाराला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा फौजेतून सुटताना मिळणारे डिस्चार्ज बुक घेऊन बँकेच्या एखाद्या शाखेत जाऊन पाहावे.

कर्जखाते

मी सातारा-सांगली पट्ट्यातल्या शाखांत गृहकर्जाच्या फायली पाहिल्या आहेत, त्यामुळे वरील कैफियतीतला निम्मा भागच मान्य करता येतो. पेन्शन विकल्याने पात्रता घटते हे खरे; तरीही बँकेच्या दृष्टीने फौजी पेन्शनरइतका भरवशाचा कर्जदार दुसरा नाही, कारण त्याची पेन्शन न चुकता जमा होते आणि तो गेल्यास पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. अडतिशीतल्या माणसाला हप्ते फेडायला दीर्घ मुदतही मिळते. फाइल अडते ती दुसरीकडे. भावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिल्याने सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा, आकडा घसरलेला असतो, किंवा कोणा ओळखीच्या एजंटाकडून नोटरीच्या कागदावर दीड गुंठा आधीच घेतलेला असतो. लहान तुकड्यांची खरेदी-विक्री रोखणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापुढे अशा तुकड्याला तारण म्हणता येत नव्हते. आपण वर्दीत होता की नव्हता, याच्याशी दुय्यम निबंधकाला कर्तव्य नसते. सर्वांत वाईट वाटले ते एका सुभेदारांच्या फायलीचे. त्यांनी घेतलेला प्लॉट देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या २००० यार्डांच्या रेड झोनमध्ये, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्यात, निघाला. ज्या खात्यात त्यांचा जन्म गेला, त्याच खात्याच्या १९०३ च्या कायद्याने त्यांचे बांधकाम अडवले होते. हे अज्ञान आहे, आणि अज्ञानाला सरसकट अन्याय म्हणू नये.

निवृत्त कर्नल, वानवडी

श्री. कर्जखाते यांच्याशी सहमत आहे. सैन्याची स्वतःची गृहनिर्माण संस्था १९७८ पासून ना नफा ना तोटा या तत्त्वावर घरे बांधते, हवाई दल आणि नौदलाचे संयुक्त मंडळ तेच करते, आणि समूह विमा निधीतून घरबांधणीसाठी कर्जही मिळते. युनिटमधल्या जवानांच्या सभेत, म्हणजे सैनिक संमेलनात, हे सर्व वारंवार सांगितले जाते. ऐकणाऱ्याने कान बंद ठेवले तर संस्थेने काय करावे?

कोरेगावकर

कर्नलसाहेब, आपल्या शेजारचे साळुंके विहार, याच संस्थेची वसाहत, कोणाच्या घरांनी भरले आहे, अधिकाऱ्यांच्या की जवानांच्या, ते एकदा मोजून पाहावे. ही घरे शहरांत होतात, आणि माण-खटावच्या नाइकाला मुलांना गावच्या शाळेत घालून आईबापांजवळ राहायचे असते. शिवाय संस्थेने बांधले म्हणजे निर्धोक, असेही नाही. याच संस्थेच्या कोचीतल्या चंदर कुंज वसाहतीतले दोन मनोरे पाडून पुन्हा बांधावेत, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे. तिथे आयुष्याची पुंजी घातलेल्यांना आता कोणत्या सैनिक संमेलनात बोलावणार?

मुंबईकर वाचक

आणि ‘आदर्श’?

निवृत्त कर्नल, वानवडी

हे नाव येणारच होते. गैरव्यवहारामुळे गाजलेली कुलाब्याची आदर्श ही स्वतंत्र सहकारी गृहनिर्माण संस्था होती, तिचा वर उल्लेखिलेल्या संस्थेशी संबंध नव्हता. तिच्यात नोकरशहा आणि राजकारणी होते, २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, आणि होय, आमच्यातले काही फार मोठ्या हुद्द्यांचे अधिकारीही होते. एवढी कबुली पुरेशी असावी. त्या ३१ मजल्यांचा हिशेब प्रत्येक प्रामाणिक अधिकाऱ्याकडून किती वर्षे वसूल करणार आहात?

सैनिकपत्नी, गडहिंग्लज

आपण सर्व पुरुष मंडळी शहरातल्या सदनिकांवर वाद घालत आहात. आमच्या तालुक्यात फौजी घर घेत नाही, तो घर बांधतो, आणि तेही वडिलांच्या जागेवर. माझ्या यजमानांनी पहिल्या पोस्टिंगपासून घरी पैसे पाठवले. त्या पैशांतून छपराचे पत्रे गेले, स्लॅब पडला, वर माडी चढली. ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठचा उतारा सासऱ्यांच्या नावावर राहिला, शेताच्या सातबाऱ्यावर थोरल्या दिरांचे नाव एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागले, आणि यजमान सियाचीनच्या पायथ्याशी असल्याने फेरफाराच्या, म्हणजे नोंद बदलण्याच्या, नोटिशीवर हरकत घेण्याचा प्रश्नच आला नाही. सासरे गेल्यावर जाऊबाईंनी मला सांगितले, की माडीवरच्या दोन खोल्या तुम्ही वापरू शकता. आम्ही बांधलेल्या घरात आम्हाला वापरण्याची परवानगी मिळाली! आता पेन्शन आल्यावर वेगळे घर घ्यावे, तर नातेवाईक म्हणतात, गावात एवढा वाडा असताना कशाला? माझ्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, असे मी घरात सुचवले, तेव्हा जणू मी वाटणीच मागितली आहे, अशा नजरेने सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

घरी राहिलेला भाऊ

वहिनी, आपल्या दुःखाचा आदर ठेवून विचारतो : त्या काळात आईबापांना दवाखान्यात कोणी नेले? गावच्या विकास सोसायटीचे कर्ज कोणी फेडले? माझाही भाऊ फौजेत होता. तो रजेवर यायचा तेव्हा गावभर सत्कार, आणि तो गेल्यावर पहाटे धारा काढायला मी. त्याचे पैसे यायचे हे खरे, पण विटा उतरवून घेणारा, गवंड्यामागे उभा राहणारा आणि पावसात सिमेंट झाकणारा माणूस फुकट होता, असे कोणी धरू नये. पैसा पाठवला म्हणून घर एकट्याचे होत असेल, तर मलाही इतक्या वर्षांच्या राबण्याचे बिल काढावे लागेल.

सैनिकपत्नी, गडहिंग्लज

अवश्य काढावे. त्यात माझ्या सासूबाईंची सेवा मी केलेली वर्षेही धरावीत, कारण यजमान फील्डला असताना मी गडहिंग्लजलाच होते. ‘घरी राहिलेला’ म्हणून फक्त भाऊच का मोजला जातो, याचेही उत्तर त्या बिलाबरोबर द्यावे.

वकील, कराड

दोघांचाही राग समजतो, परंतु कागद रागावर चालत नाहीत. वडिलांच्या जागेवर मुलाने स्वतःच्या पैशांनी बांधले, म्हणून जागेची मालकी त्याची होत नाही. वाटणीच्या दाव्यात त्या खर्चाची भरपाई मागता येते, आणि त्यासाठी मनीऑर्डरच्या पावत्या, बँकेचे उतारे जपून ठेवावे लागतात. फौजीचा पगार मात्र एकत्र कुटुंबाचा नसतो. जुन्या धर्मशास्त्रानेही शौर्यधन आणि विद्याधन वाटणीबाहेर ठेवले होते, आणि विद्याधनाविषयीची शंका १९३० च्या कायद्याने मिटवली. फौजीला कोणीच वाली नाही, हेही पूर्ण खरे नाही. १९२५ च्या भारतीय सैनिक वादविषयक कायद्यानुसार युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत नेमणुकीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा स्थगित ठेवता येतो. पण तो कायदा न्यायालयातल्या दाव्यापुरता आहे. तलाठ्याच्या फेरफारावर घरातल्या घरात झालेली सही त्याच्या कक्षेत येत नाही, आणि आमच्याकडे बहुतेक फौजींची जमीन नेमकी तिथेच हातची जाते.

ह्यूस्टनहून

इथे अमेरिकेत १९४४ च्या कायद्यापासून माजी सैनिकाच्या गृहकर्जाला सरकारच हमी देते, त्यामुळे बहुतेकांना सुरुवातीची रक्कम न भरता घर घेता येते. आपल्याकडे हे का होऊ नये?

कर्जखाते

कारण हमीने पैशांचा प्रश्न सुटतो, मालकीचा नव्हे. सोनोरीसारख्या गावांत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले, ते पूर्ण होऊ द्यावे. मग हमीचे बोलू.

वकील, कराड

हमीचे कौतुकही जपून करावे. १९४७ साली मिसिसिपी राज्यात अशा हमीची ३,२२९ कर्जे दिली गेली आणि त्यांतली केवळ २ कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली. सरकारने हमी दिली, तरी अर्ज कोणाचा घ्यायचा हे काउंटरमागचा माणूसच ठरवत होता.

अग्निवीराचे वडील

आपला सर्व वाद पेन्शन किती विकावी, यावर आहे. माझा मुलगा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीच भरती झालेला; त्याला विकायला पेन्शनच नाही. चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील, त्यांतले निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. पुढे जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होतील. उरलेली बावीस-तेविसाव्या वर्षी परत येतील. कर्जखातेसाहेबांना विचारतो, अशा मुलाची फाइल आपण कशी पाहिली असती?

कर्जखाते

स्पष्ट सांगतो, नवी नोकरी लागेपर्यंत पाहिली नसती. त्याच्याकडे घराच्या किमतीचा एक हिस्सा आहे, पण हप्ता फेडणारे उत्पन्न नाही. ती रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, जामीन कोणाला राहू नये आणि गुंठ्यात पैसे घालू नयेत. कोरेगावकरांचा हिशेब पेन्शनरांपुरता मला मान्य नव्हता आणि आजही पूर्ण मान्य नाही. या मुलांच्या बाबतीत मात्र त्यांनी फारच सौम्य लिहिले आहे.

कोरेगावकर

एवढे तरी पदरात पडले. अग्निवीराच्या वडिलांना एक सांगणे आहे : मुलगा पुढच्या रजेवर येईल तेव्हा सत्कार एक दिवस पुढे ढकलावा आणि त्याला आधी तलाठी कार्यालयात नेऊन सातबारा आणि फेरफार त्याच्या डोळ्यांनी वाचायला लावावा.

घरी राहिलेला भाऊ

न्यावे, जरूर न्यावे. फक्त त्या दिवशी घरच्या भावालाही सोबत घ्यावे, म्हणजे उतारा कोणी लपवला, हा आरोप पुढे वीस वर्षे ऐकावा लागणार नाही.