कांडीत हालचाल चांगली, तरी गाई उलटतात

कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांडीत (बारीक नळीत) वितळवल्यावर निम्मे शुक्राणू पोहताना दिसतात, तरी गोरेगावच्या तबेल्यात गाई का उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर का येतात, असा प्रश्न आहे. नुसतं पोहणं पुरत नाही. शेपटीचा दोष असलेला शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतच नाही. ती तूट मात्रेतली संख्या वाढवून थोडीफार भरते. डोक्यात पोकळ्या असलेला मात्र पोचतो, फलनही करतो, आणि गर्भ सुरुवातीलाच मरतो. तिथं मात्रा दुप्पट करून उपयोग नाही.

इओसिन-निग्रोसिन हा शुक्राणू तपासायचा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० शुक्राणू मोजा. वाकड्या शेपट्याच जास्त दिसल्या तर वळूला नावं ठेवण्याआधी काचपट्टी आणि रंग ३७ अंशांवर होते का ते बघा. थंड काचेवरही शेपट्या वाकतात. आणि हो, वळूला उन्हाळा बाधला असेल तर दोन महिने तरी धीर धरा, शुक्राणू घडायलाच सुमारे ६१ दिवस लागतात.