मदत हवी आहे: मोन्टानात पहिलीच हरणाची शिकार. डावखुऱ्याने रायफल कोणती घ्यावी, आणि अस्वलाचं काय?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मोन्टाना राज्यात, बोझमनजवळ राहायला येऊन सहा वर्षं झाली. ग्रीनकार्ड आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स या वसंतात केला (मोन्टानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय शिकारीचं लायसन्स मिळत नाही) आणि हरणाचं लायसन्सही हातात आहे. ऑक्टोबरअखेर रायफलचा हंगाम सुरू होईल. रायफल मात्र अजून ठरत नाहीये.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू भरायची, गजाने ठासायची, मग छर्रे. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर दोन शेतं ओलांडून गेलेलं असायचं. त्यामुळे आजोबा म्हणायचे की नेम बसेल तेव्हाच चाप ओढ, नाहीतर रिकामा घरी ये. मी स्वतः ती बंदूक कधी उडवली नाही. माझ्या जन्माआधीच शिकार बंद झाली होती.

इथे शेजारी एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ आहेत, मी त्यांना काकाच म्हणतो. आयुष्यभर याच डोंगरांत शिकार केलेला माणूस. गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर नुसता बघायला गेलो होतो. गॅलटिन रांगेच्या पायथ्याशी, दिवस मावळता मावळता त्यांनी एक म्यूल डिअरचा नर टिपला. गोळी थोडी मागे, पोटात लागली आणि हरीण झाडीत शिरलं. पोटात लागलेल्या जनावराच्या लगेच मागे गेलं तर ते उठून आणखी लांब जातं, म्हणून आम्ही थांबलो. तोवर काळोख झाला.

सकाळी रक्ताचे थेंब बघत माग काढला. तीनशे पावलांवर माती, पालापाचोळा आणि तोडलेल्या डहाळ्या ओढून केलेला कमरेएवढा ढीग दिसला. त्यातून शिंगाचं एक टोक बाहेर आलेलं. काकांनी माझी बाही धरली आणि हळूच म्हणाले, "मागे सरक. पाठ फिरवू नकोस." अस्वल आम्हाला दिसलंच नाही. पण झाडीतून जबडा आपटल्यासारखा टक्-टक् आवाज दोनदा आला. गाडीपर्यंत येताना माझे पाय कापत होते. हरीण तिथेच सोडून द्यावं लागलं आणि काका त्यानंतर आठवडाभर बोलले नाहीत. जनावर तडफडून मेलं याचं त्यांना फार लागलं होतं.

आता काकांचा आग्रह आहे की ग्रिझलीच्या (मोठ्या तपकिरी अस्वलाच्या) मुलखात मोठीच बंदूक हवी. त्यांनी स्वतःची थ्री हंड्रेड विन मॅग, म्हणजे फार जोरदार काडतुसाची रायफल, मला द्यायची तयारी दाखवली. रेंजवर दहा गोळ्या झाडून पाहिल्या. चौथ्या गोळीपासून चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटायला लागले. शिवाय मी डावखुरा आहे आणि तिचा बोल्ट (पुढची गोळी भरायला ओढायचा दांडा) उजव्या बाजूला आहे.

विचारायचं ते असं:

हरणासाठी एवढी ताकद खरंच लागते का? अस्वलासाठी म्हणून मोठं कॅलिबर (गोळीची जाडी) घ्यावं, की वेगळं पिस्तूल बाळगावं, की मिरचीचा स्प्रे पुरे? आणि हरीण पडल्यानंतर ते साफ करताना, हात रक्ताने माखलेले आणि मान खाली असताना, तुम्ही लोक नेमकं काय करता? बायकोची अट आहे की या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी जायचं नाही. मला ती अट योग्य वाटते.

---

आयडाहोकर:

विन मॅग काकांना परत द्या. जिला तुम्ही घाबरता ती बंदूक तुमच्या कामाची नाही. म्यूल डिअर आणि व्हाइटटेल ही दोन्ही हरणं टू-फॉर्टी-थ्री या लहान कॅलिबरनेसुद्धा नीट पडतात. मोन्टानात मोठ्या शिकारीसाठी कॅलिबरची किमान मर्यादाच नाही.

तुमच्यासाठी माझी निवड ६.५ क्रीडमूर किंवा सेव्हन एमएम-ओ-एट या काडतुसांची रायफल. धक्का विन मॅगच्या निम्म्याहून कमी. टू-सेव्हन्टी विंचेस्टरही उत्तम. १९२५ पासून चालत आलेली आहे, त्यामुळे आडगावच्या दुकानातसुद्धा काडतुसं मिळतात. पुढे एल्कच्या (खूप मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचं मनात असेल तर ती घ्या. थर्टी-ऑट-सिक्स सगळ्याला चालते, पण खांद्याला जाणवते.

डाव्या हाताचा बोल्ट घ्याच. टिक्का टी-थ्री-एक्स, सॅव्हेज आणि रुगर अमेरिकन या तिन्ही रायफलींत मिळतो. उजव्या बोल्टवर डावखुरा माणूस दुसरी गोळी भरताना दस्ता खांद्यावरून काढतो, डोळा दुर्बिणीवरून हलतो, आणि जखमी जनावर नेमकं तेवढ्यात निसटतं. दुर्बीण साधी तीन ते नऊ पट पुरते. पैसे उरले तर काडतुसांवर घाला. टेबलावर बंदूक टेकवून नेम धरणं म्हणजे सराव नव्हे. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून झाडा. नऊ इंची कागदी थाळीत पाचपैकी पाच गोळ्या जेवढ्या अंतरावरून बसतील, तेवढीच तुमची हद्द. माझी पंधरा वर्षांनंतरही अडीचशे यार्ड आहे.

नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरा. शक्यतो तांब्याची गोळी वापरा. शिशाची गोळी फुटून तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत राहतात. मागे टाकलेली आतडी गरुड खातात आणि त्यांना विषबाधा होते.

---

हिमकण:

धागाकर्त्याची क्षमा मागून एक उपप्रश्न. मी एच-वन व्हिसावर आहे. मला बंदूक घेता येते का?

---

आयडाहोकर:

अमेरिकेच्या संघीय कायद्यात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला एरवी बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांत एक वैध शिकारीच्या लायसन्सचा. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि बंदूक घरातच असेल तर तो गुन्हा ठरतो. राज्याचे नियम वेगळे असतात. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग दुकानात जा. मित्राची बंदूक "जरा धरून बघतो" हेही तोवर टाळा.

---

पाऊलखूण:

मी मिझूलात राहते, वन्यजीवांचंच काम करते. धागाकर्ते, रायफलचा आणि अस्वलाचा प्रश्न वेगळा आहे असं तुम्हाला वाटतंय, पण तो एकच आहे. काकांची गोळी चार इंच पुढे लागली असती तर हरीण पन्नास पावलांत पडलं असतं, उजेड असताना तुम्ही ते घेऊन निघाला असतात आणि अस्वलाची गाठच पडली नसती. म्हणून पेलवेल ती रायफल घेणं हीच अस्वलापासूनची पहिली काळजी.

शरद ऋतूत ग्रिझली झोपेआधी चरबी साठवायला दिवसभर खात असतं. आणि शिकारी नेमकं तेच सगळं करतो जे इतरांना आम्ही करू नका म्हणून सांगतो: पहाटे आणि तिन्हीसांजेला, आवाज न करता, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतो. अस्वलाला तुमचा वास येत नाही, चाहूल लागत नाही, आणि एकदम तीस फुटांवर गाठ पडते.

अशा वेळी रायफल खांद्याला लावून दुर्बिणीतून बघितलं तर फक्त केस दिसतील. स्प्रे घ्या. कपाटातला बारीक पेपर स्प्रे नाही, अस्वलांसाठी नोंदणी असलेलाच डबा हवा. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारल्यावर ९२ टक्के वेळा त्यांचं आक्रमक वागणं थांबलं होतं, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारी माणसांपैकी ९८ टक्के जखमी झाली नाहीत. पिस्तूल बाळगायला बंदी नाही, पण धावत येणाऱ्या जनावराच्या डोक्यावर नेम धरायचा सराव तुमचा नाही. ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जिवावर बेतलं म्हणून मारलं तरी ताबडतोब कळवावं लागतं आणि चौकशी होते.

डबा छातीवर किंवा पट्ट्याला अडकवा, पाठपिशवीत कधीच नको. सरावाचे बिनमिरचीचे डबे मिळतात, तुमची बायकोही सोबत असू दे, दोघांनी अंगणात मारून पाहा. डब्याचा सुरक्षेचा खटका काढायला अंगठा कुठे लागतो हे हाताला माहीत असलं पाहिजे. अस्वल ३०–६० फुटांवर आलं की त्याच्या पुढ्यात, थोडं खाली मारा, म्हणजे ते ढगातून धावत येईल.

ग्रिझलीने तरीही पाडलंच तर पालथे पडा, पिशवी पाठीवर राहू द्या, बोटं मानेमागे गुंफा, पाय फाकवा, आणि ते गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नका. काळं अस्वल किंवा प्यूमा अंगावर आला तर मात्र उलट: उभं राहून, ओरडून, हातात येईल त्याने मारायचं. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, तो बघा. लांडग्यांची काळजी करत बसू नका, ते माणसापासून लांबच राहतात.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. एकटं जायचं नाही. एकाने सुरी चालवायची, दुसऱ्याने पाठ त्याच्याकडे करून, हातात स्प्रे घेऊन झाडीकडे बघत उभं राहायचं. बोलत राहायचं, मोठ्याने. पोट न फाडता मांस काढायची पद्धत काकांकडून शिकून घ्या: वरच्या बाजूने कातडी सोलून फऱ्या, मांड्या आणि पाठीचं मांस सोडवायचं. वास कमी सुटतो आणि दोघांच्या पाठीवर दोन फेऱ्यांत सगळं निघतं. जनावराचा नर-मादी ओळखायचा पुरावा मांसाला जोडलेला राहिला पाहिजे, हा नियम त्या नादात विसरू नका. दुसऱ्या फेरीसाठी मांस मागे ठेवावं लागलं तर उरलेल्या धडापासून दूर, दुरून दिसेल अशा मोकळ्या जागी उंच टांगा, आणि परत येताना आधी लांबून बघा. डोमकावळे आणि मॅगपाय गोळा होऊन एकदम उडत असतील तर कोणीतरी आलेलं आहे. ढीग दिसला तर काकांनी केलं तेच बरोबर. हरीण त्याचं झालं. वन्यजीव खात्याला फोन करून जागा कळवा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल.

कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते. तुम्ही पहिल्या वर्षी सूर्यास्ताच्या एक तास आधी थांबा.

आणि हो, सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग २०१७ मध्ये इथल्या जंगलातल्या हरणांत पहिल्यांदा सापडला. घशातल्या गाठी तपासायला देता येतात. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, खाऊ नका.

---

तिलारी:

मी दोडामार्गकडची. इतकं सगळं वाचून एकच विचारते, राग मानू नका. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं. तुमच्या पोटाला काही कमी नसताना हरीण का मारायचं?

---

धागाकर्ता:

तिलारीताई, राग कसला. गेल्या वर्षी तो ढीग बघितल्यावर मी स्वतःला हेच विचारलं. आमच्याकडे मुलं मटण आवडीने खातात आणि ते प्लास्टिकच्या थाळीतून येतं. एक हरीण आमच्या घराला हिवाळाभर पुरेल. ते कुठून आलं, कसं मेलं हे मला माहीत असावं असं वाटतं. इथली व्यवस्थाही वेगळी आहे. १९३७ च्या कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि लायसन्सं किती द्यायची हे हरणांची संख्या पाहून ठरतं. आपल्याकडचं रान इतकं उरलेलंच नाही. तिथे बंदी उठावी असं मी कधीही म्हणणार नाही.

आयडाहोकर, पाऊलखूण, दोघांचे मनापासून आभार. पाऊलखूणताई, तुमचा प्रतिसाद भाषांतर करून काकांना वाचून दाखवला. चार इंचांच्या वाक्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मला तेव्हा उजेड पुरत नव्हता." यंदा ते स्वतः बंदूक घेणार नाहीत. स्प्रे घेऊन माझ्या पाठीशी उभे राहणार आहेत.

टिक्का, डाव्या बोल्टची, ६.५ क्रीडमूर सांगितली आहे. पुढच्या आठवड्यात येईल. सरावाचे दोन डबे आणले. बायकोने पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा लवकर खटका काढला. थाळीत पाचपैकी पाच बसल्या की किती यार्डांवरून ते इथेच लिहितो.