चीर फेझंटच्या उतारांवरील गवतकापणी बंद करावी का?

दांडियाबाजारकर

येत्या एप्रिलमध्ये बडोद्याहून आमचा एक छोटा गट नैनितालजवळच्या पंगोट आणि विनायक या भागात पक्षी पाहण्यासाठी जाणार आहे. मुख्य ओढ चीर फेझंट या कोंबडीच्या कुळातील हिमालयी पक्ष्याची आहे. त्याविषयी वाचताना असे दिसले की, हा पक्षी ज्या तीव्र, खडकाळ, गवत आणि झुडपांनी भरलेल्या उतारांवर राहतो, त्याच उतारांवर गावकरी गवत कापतात, गुरे चारतात आणि कधी आगही लावतात. घरटे जमिनीवर करणाऱ्या पक्ष्याला हे सारे जाचकच असणार. मग असे उतार माणसांना आणि गुरांना पूर्णपणे बंद केले, तर त्याची संख्या वाढणार नाही का? आमच्या जाण्याने त्याला उपद्रव होईल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

माळरान

शंका स्वाभाविक आहे. पण पूर्ण बंदी या पक्ष्याच्या मुळावरच येण्याची शक्यता अधिक. मोनाल किंवा कोकलास या इतर हिमालयी फेझंटांप्रमाणे चीर दाट जंगलाच्या आश्रयाने राहत नाही. त्याला लपण्यापुरते उंच गवत, मधूनमधून झुडपे, रात्री बसायला एखादा कडा किंवा विरळ झाड आणि चोचीने उकरून कंदमुळे काढता येतील अशी जमीन लागते. हिमालयाच्या मधल्या उंचीवर अशी जागा पुष्कळदा आपोआप टिकत नाही. कापणी, चराई आणि आग ही तिन्ही थांबली, की आधी झुडपे दाटतात, मग चीड (पाइन) किंवा बांज ओक ही झाडे वर येतात आणि काही वर्षांत तिथे जंगल उभे राहते. ते कालिज या दुसऱ्या फेझंटला मानवते, चीरला नाही.

हिमाचलात चाऱ्यासाठी राखलेल्या अशा उताराला 'घासणी' म्हणतात. सौराष्ट्रातील वीड्या, म्हणजे गवताची राखीव कुरणे, आपण पाहिल्या असतील, तर ही व्यवस्था लगेच ध्यानात येईल. घासणीची कापणी पावसाळा संपल्यावर होते आणि तोवर उन्हाळ्याच्या सुरुवातीस अंड्यांतून निघालेली पिल्ले बऱ्यापैकी मोठी झालेली असतात. म्हणून खरा प्रश्न कापणीचा नसून वेळेचा आणि प्रमाणाचा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस लावलेली आग नवे गवत फुटण्यास मदत करते. तीच मे महिन्यात लागली, तर अंड्यांसकट घरटी जातात. चराई अति झाली, तर लपायला आडोसाच उरत नाही.

कमाटीबाग

माळरान यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. कड्यांलगतचे अतितीव्र उतार आणि वरच्या उंचीवरील काही भाग माणसाच्या मदतीशिवायही उघडे राहतात, त्यामुळे चीर सर्वस्वी घासणीवरच जगतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची अधिक मोठी अडचण विखुरलेपणाची आहे. उत्तर पाकिस्तानपासून मध्य नेपाळपर्यंत तो आढळतो खरा, परंतु छोट्या, एकमेकांपासून तुटलेल्या गटांत. एका उतारावरचा गट शिकारीने किंवा आगीने संपला, तर शेजारून दुसरे पक्षी येऊन ती जागा भरतीलच असे नाही. इस्लामाबादजवळच्या मरगला टेकड्यांत पिल्ले वाढवून सोडण्याचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून झाले, पण तिथे त्यांची वस्ती टिकली नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तरी चोरटी शिकार कायद्याने आपोआप थांबत नसते.

याच प्रकारच्या उतारांवरील हिमालयन क्वेल या लहानशा लाव्याची नोंद १८६० च्या दशकात मसुरीजवळ झाली आणि १८७६ मध्ये नैनितालजवळ, त्यानंतर खात्रीची नोंद नाही. त्याचे नेमके काय बिनसले, याविषयी तर्कच करावे लागतात. पण पायाखाली येईपर्यंत गवतातून न उडणाऱ्या पक्ष्याचा ठावठिकाणा लागणे किती कठीण असते, हे त्यावरून कळते.

दांडियाबाजारकर

दोघांचेही आभार. म्हणजे सरसकट बंदीऐवजी गावकऱ्यांशी बोलून आगीची वेळ ठरवणे आणि काही पट्टे आलटून पालटून न कापता ठेवणे अधिक उपयोगी, असे समजावे का? आणि पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर काढणे कितपत योग्य आहे?

माळरान

होय, साधारण तसेच. मात्र पट्टे राखणाऱ्या कुटुंबाचा चारा बुडतो, तेव्हा त्याची भरपाई कोणी करायची हे आधी ठरले पाहिजे, अन्यथा ही योजना कागदावरच राहते.

आवाज कृपया वाजवू नये. एप्रिल आणि मे हा त्याच्या विणीचा काळ आहे. पहाटे उजाडण्याच्या सुमारास आणि संध्याकाळी तो स्वतःहून मोठ्याने ओरडतो, इतका की गणनाही या आवाजांवरूनच केली जाते. रस्त्यावरच थांबावे, समोरचा उतार दुर्बिणीने सावकाश न्याहाळावा आणि गवतात उतरू नये. लांब, पट्टेदार शेपटी आणि डोळ्याभोवतीची लाल कातडी दिसली की ओळख पटते. एरवी हा पक्षी वाळल्या गवतात सहज मिसळतो. स्थानिक वाटाड्या घ्यावा. कोणत्या उतारावर त्या हंगामात हालचाल आहे, हे त्यालाच ठाऊक असते.