मदत हवी आहे: शिलाई मशीनसाठी क्रेडिट कार्ड घेऊ की कर्ज? आधी कधीच बँकेचे पैसे उचललेले नाहीत

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहिते आहे. गावात माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल, आणि मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. सगळं एका साध्या मशीनवर चालतं. गणवेशाची मोठी ऑर्डर घ्यायची तर एक मोटरवाली जुकी (जोरात चालणारं शिलाई मशीन) आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारं मशीन) लागेल. अमरावतीच्या दुकानदाराने टेबल-मोटरसकट दोन्हीचे 52 हजार सांगितले. माझ्याकडचे 12 हजार घालीन. राहिले 40 हजार, ते कुठून उभे करायचे हा प्रश्न आहे.

माझं बचत खातं आहे त्या बँकेत पर्सनल लोन विचारलं, तर म्हणाले तुमचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा स्कोअर) उणे 1 दाखवतो, अवघड आहे. त्याच टेबलावरून लगेच दुसरी गोष्ट सांगितली: क्रेडिट कार्ड घ्या, दुकानात स्वाइप करा, नंतर ईएमआय करून घ्या. ज्याला कर्ज मिळत नाही त्याला कार्ड कसं मिळतं, हे मला अजून उमजलं नाही. गावात गटाचं कर्ज देणारी कंपनी येते, हप्ता दर आठवड्याला, आणि एकीने नाही भरला तर बाकीच्यांच्या दारात बसतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपचं तर नावच नको, शेजारच्या मुलाच्या सगळ्या नातेवाइकांना फोन गेले होते.

माझी खरी अडचण व्याजापेक्षा पैसे येण्याच्या वेळेची आहे. गणवेशाचे पैसे जूनअखेर रोख मिळतात. पण पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत हातात काम भरपूर आणि पैसा नाही, कारण बाया म्हणतात सोयाबीन निघालं की देते, कापूस विकला की देते. मीही नाही म्हणत नाही, त्यांच्याही घरी तेव्हा दुसरा पैसा नसतो. माझी उधारीची वही दिवाळीनंतर मोकळी होते आणि उन्हाळ्यात पुन्हा भरायला लागते. अशा कमाईवर दर महिन्याचा हप्ता कसा बसवायचा?

बाबांचं सोसायटीचं पीककर्ज आहे. ते म्हणतात यंदा उचललं की त्यातलेच घे, खरीप होईपर्यंत कोण विचारतं. आई म्हणते, "काहून कर्ज घेते बाई, या घराले एकच पुरे हाय." दोघांचंही मला पटत नाही आणि खोडताही येत नाही.

कार्डावर घेतलं तर खरंच किती पडतं? बाबांचं कर्ज माझ्या नावावर दिसतं का? पहिलं कर्ज कोणतं घ्यावं? जाणत्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद: निवृत्त बँक कर्मचारी, वाशीम

ताई, नोकरीची बरीच वर्षं कर्ज विभागात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सिबिलचं. स्कोअर 300 ते 900 असतो. उणे 1 म्हणजे स्कोअर वाईट आहे असं नाही, तुमच्या नावावर आजवर काही नोंदच नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशात सांगितलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. ऑगस्ट 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेतही तेच सांगितलं. बँक तुमचं उत्पन्न आणि खात्यातली उलाढाल पाहणार, तो तिचा हक्क आहे. पण तोंडी "अवघड आहे" ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. बाबांचं कर्ज तुमच्या नावावर दिसत नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच दिसतं.

आता कार्ड. बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. 40 हजारांवर महिन्याचे 1,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,652 रुपये. बिलावर "किमान रक्कम" छापलेली असते, साधारण 5 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 2,000. माणसाला वाटतं 2,000 भरले, सुटलो. त्यातले 1,652 व्याजात आणि करात गेले, मुद्दल फिटलं जेमतेम साडेतीनशे. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, धाग्याचं रीळ घेतलं तरी त्या दिवसापासून व्याज. कार्डाच्या ईएमआयचा दर यापेक्षा कमी असतो हे खरं, पण त्याच्या व्याजावर जीएसटी लागतो, साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. ही गोष्ट टेबलावर कोणी सांगत नाही.

कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर 45-50 दिवसांची. तुमचा पैसा येतो कापूस विकल्यावर. पोळ्याच्या महिन्यात केलेला खर्च दिवाळीनंतरच्या पैशातून फेडायचा असेल तर कार्ड तुमच्या कामाचं नाही.

बाबांना नमस्कार सांगा, आणि पीककर्जाला हात लावू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. मशीनमुळे मार्चअखेर भरणा चुकला की ती सवलत गेली, आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडकतं. एका घरातल्या दोन धंद्यांचे पैसे एकमेकांत मिसळले की दोन्हीचा हिशेब लागत नाही, हे मी शाखेत फार पाहिलं आहे.

प्रतिसाद: शिवणकामवाली, पुसद

ताई, तुम्ही पीएम विश्वकर्मात, म्हणजे कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत, नाव नोंदवलं होतं का? त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. मी त्यातूनच घेतलं. प्रशिक्षण झालं असेल तर पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज, 18 महिन्यांची फेड, व्याज 5 टक्के, तारण नाही. एक लक्षात ठेवा, मुद्राचं (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) कर्ज चालू असेल तर हे मिळत नाही, आधी ते पूर्ण फेडावं लागतं. म्हणून घाईत मुद्राचा अर्ज करू नका.

प्रतिसाद: धागा काढणारी

ताई, तुमचे खूप आभार! हो, नाव नोंदवलं होतं. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र आहे, अवजारांसाठीचं 15 हजारांचं व्हाउचरही मिळालं, आताचं मशीन त्याचंच आहे. कर्जाचं विचारलं तेव्हा घरून नको म्हणाले, म्हणून मी कर्ज नको असं लिहून दिलं. आता पुन्हा मागता येईल का?

प्रतिसाद: शिवणकामवाली, पुसद

सीएससीवाल्याकडे (सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात) जा. विश्वकर्माचा नंबर आणि आधार न्या, पोर्टलवर तुमचा अर्ज कुठे आहे ते तो उघडून दाखवेल. नंतर तुमच्या बँकेत प्रमाणपत्र आणि कोटेशन घेऊन थेट मॅनेजरला भेटा, कार्डाच्या टेबलाकडे जाऊ नका. मधला माणूस "करून देतो" म्हणून पैसे मागेल, एक रुपया देऊ नका.

प्रतिसाद: वर्धेकर

थोडं कार्डाच्या बाजूनेही. मी पगारदार आहे, कार्ड वापरतो, बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, व्याज कधी लागलं नाही आणि स्कोअर चांगला झाला. पण माझा पगार ठरलेल्या तारखेला येतो, ताईंचं तसं नाही. पुढे इतिहासासाठी कार्ड हवंच वाटलं तर 10-15 हजारांची एफडी करून तिच्यावर कार्ड घ्या, उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत. त्यावर फक्त दोरा, बटणं, चेन एवढंच घ्यायचं, आणि गल्ल्यात पैसे असतील तेव्हाच. एटीएममधून कार्डाने रोख कधीच काढू नका, त्याला बिनव्याजी मुदतच नसते आणि वर फी लागते.

प्रतिसाद: निवृत्त बँक कर्मचारी, वाशीम

पुसदच्या ताईंनी नेमकं सांगितलं. आकडे मांडतो. 40 हजार, 5 टक्के, 18 महिने: हप्ता साधारण 2,311, एकूण व्याज 1,600 च्या आसपास. कार्डावर एका महिन्याला जेवढं जातं तेवढं इथे दीड वर्षात.

मॅनेजर म्हणेल 1 लाख मंजूर होतात, पूर्ण घ्या. घेऊ नका. 1 लाखाचा हप्ता 5,778 होतो, आणि भाद्रपदात तो कुठून आणाल? कोटेशनएवढंच मागा. जमलं तर कर्ज मे महिन्यात उचला, म्हणजे जूनच्या गणवेशाच्या रोख पैशातून पुढचे तीन-चार हप्ते खात्यात बाजूला टाकता येतील. उधारीच्या महिन्यांत ते आपोआप कापले जातील, तुम्हाला कोणाच्या दारात वसुलीला जायला नको.

सही करायच्या आधी "मुख्य तथ्य विवरण" मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ते देणं बंधनकारक आहे. फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. न मागितलेला विमा त्यात दिसला तर काढायला सांगा. गटाच्या कर्जवाल्यांनाही हाच कागद मागून पाहा. "फक्त 12 टक्के" म्हणतात आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर धरतात, तेव्हा महिन्याचा हप्ता धरला तरी वर्षाच्या कर्जावर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

प्रतिसाद: धागा काढणारी

काका, तुमचे हिशेब वहीत उतरवून बाबांना वाचून दाखवले. 1,600 आणि 1,652 शेजारी शेजारी पाहून ते म्हणाले, पीककर्जाचं राहू दे, तू तुझं घे. आईला हप्त्याची तारीख आणि बाजूला ठेवायचे पैसे समजावले. ती अजून पूर्ण राजी नाही, पण सोमवारी बँकेत सोबत येते म्हणाली.

सीएससीत अर्ज उघडला, कर्जाची नोंद पुन्हा करता येते असं दिसतंय. आता एकच शंका. दुकानदाराने कोटेशन साध्या चिठ्ठीवर दिलं आहे, चालेल का?

प्रतिसाद: निवृत्त बँक कर्मचारी, वाशीम

नाही. छापील लेटरहेडवर, जीएसटी नंबर, मशीनचं मॉडेल, कर धरून किंमत आणि तारीख असलेलं आणा. पैसे बहुतेक थेट दुकानदाराच्या खात्यात जातील, म्हणून त्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी त्याच कागदावर लिहून घ्या. तुमचे 12 हजार बँकेने मंजुरी दिल्याशिवाय त्याला आगाऊ देऊ नका.