नवाश्मयुगीन चकमकीची हत्यारे : ओळख आणि नोंद

प्रश्न: उत्खननात चकमकीचे बरेच तुकडे निघालेत. मुद्दाम काढलेला छिलका (घाव घालून उडवलेली कपची) आणि थंडीने तडकलेला दगड वेगळे कसे करायचे? नोंदीत काय काय घ्यायचे?

उत्तर १: आधी आघाताचा फुगवटा शोधा. छिलक्याच्या आतल्या बाजूला, जिथे घाव बसला त्याच्या लगेच खाली तो असतो. तिथून लाटांसारखी वलये पसरतात. थंडीने उडालेल्या कपचीला आघाताची जागाच नसते. धारेवर सलग, एकसारख्या बारीक कपच्या दिसल्या तर तासणी (तासण्याचे हत्यार) असू शकते. पण नांगराचा फाळ लागूनही धार तुटते. ताज्या तुटीचा रंग जुन्या पृष्ठभागाहून वेगळा दिसतो, तेवढे आवर्जून तपासा. एखाद्या छिलक्यावर घासून गुळगुळीत केलेला भाग असेल तर तो बहुधा घोटीव कुऱ्हाडीचा. तो नवाश्मयुगाचा चांगला पुरावा ठरतो.

उत्तर २: लांबी घावाच्या दिशेने मोजा, सर्वांत लांब बाजूने नव्हे. इथेच बहुतेक तक्ते चुकतात. वजन, थर, शिल्लक साल (दगडाचे मूळ बाहेरचे आवरण), तुटलेपण नोंदवा. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, नाहीतर धारा एकमेकींवर घासून खोटे संस्कार (मुद्दाम घडवल्यासारख्या बारीक कपच्या) उमटतात!

उत्तर ३: वापराच्या खुणा तपासायच्या असतील तर ब्रशने घासू नका.