मदत हवी आहे: लस झालेल्या कुत्र्याला भटक्याने चावा घेतला

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. काल संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठाने फिरवताना आमच्या शेरूच्या कानाला भटक्या कुत्र्याने चावा घेतला. आई हळद-तिखट भरायला निघाली होती! तिला थांबवून नळाखाली साबणाने १५ मिनिटं कान धुतला. शेरू नुसता थरथरत होता. रेबीजची पहिली लस ३ महिन्यांचा असताना झाली, वर्षानंतरचा बूस्टर मात्र दोन महिने लांबला (चूक माझीच). आता लगेच बूस्टर द्यायचाच आहे, पण आमचे डॉक्टर गावाला गेलेत. रविवारी उघडा असणारा, जवळपासचा प्राण्यांचा दवाखाना कुणाला माहीत आहे का? आणि कान धुताना माझ्या बोटाला जुनी चीर होती, तर मीही सुया घ्यायला सरकारी दवाखान्यात जातोच आहे. तिथे सकाळी किती वाजता नंबर लावावा लागतो?